टिळकवाडीतला जर्मन क्लास: भाषेला पाच स्टार, शनिवारच्या सेशनला दोन

आमची थोरली बीएस्सी नर्सिंग करून बेळगावातच एका हॉस्पिटलात दीड वर्ष कामाला होती, आता जर्मनीला जायचं म्हणून गेले दहा महिने टिळकवाडीतल्या एका जर्मन क्लासला जायलीय, भाषेच्या ए वन ए टू बी वन ह्या पायऱ्या झाल्या, पुढची बी टू चालू आहे. दुकानात येऊन बरेच जण विचारायलेत की क्लास कसा आहे, आमच्या पोराला घालू काय, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं तक्रार पण आहे आणि तिथल्या मॅडमना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको. कुणाला पाहिजे असेल तर दुकानात या, तोंडी सांगतो.

आधी भाषेचं सांगतो कारण पैसे त्यासाठी भरलेत. शिकवणाऱ्या मॅडम धारवाडकडच्या, घरची भाषा कन्नड, मराठी अगदी आपल्यासारखं बोलतात. बॅचमध्ये निम्मी पोरं मराठी, निम्मी कन्नड, दोन-तीन उर्दूवाली आणि एक कोंकणी बोलणारा. मॅडमची पद्धत अशी की व्याकरणाचा मुद्दा आला की तो पोराच्या घरच्या भाषेतनं उघडून दाखवायचा. म्हणजे बघा जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, डेर दी दास, हिंदीतनं शिकणाऱ्याला ते जड जातं पण आपल्याकडं तो ती ते आधीपासून आहेच, फक्त कुठल्या वस्तूला काय ते पाठ करायचं, टेबल आपल्यात ते टेबल आणि त्यांच्यात डेर टिश म्हणजे तो. मुलीला ते लोक दास मेडशन म्हणतात, म्हणजे नपुंसकलिंग, पोरी हसायला लागल्या तर मॅडम म्हणाल्या अगं तुम्ही पण 'ते पोर' म्हणताच की. आकडे तर ऐकून मला पण मजा वाटली, एकवीसला त्यांच्यात एक-आणि-वीस म्हणतात, आपल्या एकवीस सारखं एकक आधी, आणि कन्नडमध्ये इप्पत्तोंदु म्हणजे वीस आधी, तर त्या दिवशी मराठी पोरांनी कन्नड पोरांना शिकवायचं. दुसऱ्या दिवशी 'कारण मी आजारी आहे' हे वाक्य, त्यांच्यात 'वाइल' म्हणजे कारण आलं की क्रियापद सगळ्यात शेवटी जातं, तिथं मराठी आणि कन्नड दोघांनाही सोपं. मोठ्या माणसाला झी आणि जवळच्याला डू, म्हणजे तुम्ही आणि तू, हे तर सांगावंच लागलं नाही.

मला यात सगळ्यात काय आवडलं तर कुठल्याच पोराला असं वाटलं नाही की तुझी भाषा अडचण आहे. पोरगी रोज घरी येऊन सांगायची आज हे आपल्यासारखं निघालं, आज ते निघालं. मी तीस वर्षं खडेबाजारात बोर्ड रंगवायलोय, आधी ब्रशनं, आता फ्लेक्स आणि अॅक्रिलिक, कन्नड अक्षर मी पण असंच एका कन्नड पेंटर मामांकडनं शिकलो, त्यांनी मला कधी म्हटलं नाही की मराठी विसर मग शिकवतो, मराठीतला 'अ' कसा काढतोस ते आधी दाखव म्हणाले आणि तिथनं कन्नडच्या गोलाईकडं नेलं. आजही कन्नड बोर्ड माझ्याकडनंच करून घेणारी कन्नड गिऱ्हाइकं आहेत.

फीचं सांगतो. आम्ही ए वनला १५ हजार भरले, बी टू ला २२ हजार. परीक्षेची फी वेगळी आणि परीक्षा द्यायला पुण्याला मॅक्स म्युलर भवनात नाहीतर बेंगळुरूला जावं लागतं, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च धरून ठेवा. बी वन पासून परीक्षेचे चार भाग असतात, वाचणं ऐकणं लिहिणं बोलणं, प्रत्येकात १०० पैकी ६० पाहिजेत आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच परत देता येतो. आमच्या पोरीचं लिहिणं राहिलं होतं, दुसऱ्या खेपेला निघालं. नर्सला तिथं पूर्ण मान्यता मिळायला बहुतेक ठिकाणी बी टू लागतं, म्हणून बी वन झालं की झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एका बॅचला तीस-बत्तीस पोरं घेतात, ती जास्त होतात, बोलायची प्रॅक्टिस वाट्याला कमी येते आणि ऐकायच्या तासाला स्पीकर खरखरतो. हे मॅडमच्या हातात नाही, मालकांनी बघावं. तरी भाषेला माझे पाच स्टार, मॅडमसाठी.

आता शनिवारचं सेशन. महिन्यातनं दोनदा असतं, त्याचे २ हजार वेगळे घेतात, नाव तिथली संस्कृती आणि राहणीमान असं काहीतरी. शिकवणारे सर सात-आठ वर्षं फ्रँकफुर्टकडं काढून आलेत. माणूस वाईट नाही, पोरांचं भलं व्हावं म्हणूनच बोलतात हे मला मान्य आहे. एकदा पालकांना पण बोलावलं होतं म्हणून मी आणि मिसेस दोघं जाऊन बसलो. पहिला तास कामाचा होता, घर मिळालं की दोन आठवड्यात पत्ता नोंदवायचा, रात्री दहानंतर आवाज नाही, रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही, कचरा वेगवेगळ्या डब्यात, प्लास्टिकची बाटली परत दिली की २५ सेंट मिळतात, डॉक्टरची वेळ घेतली तर वेळेवर जायचं. हे सगळं पोरांना माहीत पाहिजेच.

दुसऱ्या तासाला सर म्हणाले देश तसा वेश, तिथं गेलं की दुधात साखरेसारखं विरघळायचं, आपल्या लोकांच्या घोळक्यात जायचं नाही, रूममध्ये दोघी मराठी असल्या तरी आपसात जर्मनच बोलायचं, नाव लांब असेल तर छोटं करून घ्यायचं, पुढं लग्न होऊन पोरं झाली तर त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून जर्मन, घरात मराठी शिरली की पोर मागं पडतंय. आणि वर सांगितलं की सगळ्या संस्कृती शेजारी शेजारी नांदू द्या हा प्रकार युरोपात फेल झाला, तेव्हाच्या जर्मन चान्सलर (आपल्या पंतप्रधानासारखं पद) मर्केलबाई स्वतः म्हणाल्या. पोरं मान हलवून लिहून घ्यायलेली. माझी पोरगी पण लिहून घ्यायलेली, ते बघून मला राहवलं नाही, मी हात वर केला.

त्या दिवशी मला सगळं मांडता आलं नाही, घरी येऊन वाचलं, पोरीनं जर्मनमधनं वाचून सांगितलं, ते आता लिहितो.

मर्केल म्हणाल्या ते खरं आहे, ऑक्टोबर २०१० मध्ये पॉट्सडॅमला आपल्या पक्षाच्या तरुणांसमोर म्हणाल्या की मुल्टिकुल्टी, म्हणजे सगळ्या संस्कृती शेजारी शेजारी नांदायचा तो प्रकार, पूर्ण फसलं. पण त्याच भाषणात त्या असंही म्हणाल्या की साठच्या दशकात आम्ही परदेशी कामगार बोलावले आणि हे काही दिवसांनी जातील अशी स्वतःचीच समजूत घालत राहिलो, आणि असंही म्हणाल्या की ज्याला लगेच जर्मन येत नाही त्याला इथं जागा नाही असा समज बाहेर जायला नको. अर्धं वाक्य सांगून पोरांना घाबरवणं बरोबर नाही.

हे कामगारांचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. पश्चिम जर्मनीनं १९५५ ला इटलीशी करार केला, १९६१ ला तुर्कस्तानशी, मधे अजून काही देश, आणि नोव्हेंबर १९७३ ला भरती बंद केली. तेवढ्या वर्षांत साधारण १ कोटी ४० लाख माणसं तिकडं गेली आणि १ कोटी १० लाखाच्या आसपास परत आली. त्यांना नावच पाहुणे कामगार. तुर्कांच्या करारात तर सुरुवातीला दोनच वर्षं राहायची मुदत होती, ती १९६४ ला काढली कारण दर दोन वर्षांनी नवीन माणूस शिकवणं कारखानदारांनाच परवडेना. आता जो माणूस उद्या जाणारच आहे असं तुम्ही धरून चालता त्याला भाषा कोण शिकवणार? देशभर एकसारखा, कायद्यानं बांधलेला भाषेचा कोर्स तिथं आला २००५ मध्ये. १९६१ ते २००५ म्हणजे ४४ वर्षं! तोवर त्या माणसांची नातवंडं शाळेत जायलेली. आणि मग म्हणायचं की हे मिसळले नाहीत. त्यांच्या सरकारला पण हे पटलंय असं मला वाटतं, कारण २०२४ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात त्या जुन्या पिढीला लेखी भाषा परीक्षेतनं सूट दिली, रोजच्या कामापुरतं बोलता आलं तरी चालेल असं केलं.

भाषा शिकू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही, उलट आहे. माझी आज्जी शेताच्या पहाणीचा उतारा काढायला तालुक्याच्या ऑफिसात जायची तेव्हा मला बरोबर न्यायची, मी सातवीत, कागद सगळा कन्नडमध्ये, मी अडखळत वाचणार आणि आज्जी माझ्या तोंडाकडं बघत बसणार. तिच्या स्वतःच्या जमिनीचा कागद तिला नातवाच्या तोंडून ऐकावा लागायचा, आणि मी चुकीचं वाचलं तर तिला कळणार पण नाही. तिकडच्या म्हाताऱ्या तुर्क बायका डॉक्टरकडं पोराला दुभाषा म्हणून घेऊन जायच्या असं वाचलं तेव्हा मला आज्जीच आठवली. म्हणून माझ्या पोरीनं जर्मन असं शिकावं की घराचा करार, पगाराची स्लिप, डॉक्टरचा कागद, एक ओळ तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागू नये. ज्या गावात राहायला जायचं तिथली भाषा शिकायची हे आपण स्वतःहून निवडून जातोय तर आपलं देणंच आहे. तिकडं तीस वर्षं राहून ज्या घरांत बाईला बाहेर बोलू दिलं नाही, पोरीला शाळेच्या सहलीला पाठवलं नाही, तिथं आमची संस्कृती म्हणून पांघरूण घालणं मला पटत नाही, आणि तिकडच्या लोकांचा राग त्या बाबतीत खरा आहे.

पण भाषा शिकणं आणि विरघळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरांनी दिलेलं दूध-साखरेचं उदाहरण त्यांच्याच विरोधात जातंय. ती गोष्ट पारशांची. पारशी गुजरातेत संजाणला आले, गुजराती शिकले, इतके शिकले की गुजराती हीच त्यांची घरची भाषा झाली, बायका साडी नेसायला लागल्या, पण धर्म ठेवला, आणि उदवाड्याचा अग्नी आजपर्यंत तेवता आहे. दूध गोड झालं ते साखर काहीतरी वेगळं घेऊन आली म्हणूनच.

आणि जर्मन सरकार तरी विरघळा म्हणतंय काय? नागरिकत्वाची जी परीक्षा असते त्यात ३३ प्रश्न, एक तास, १७ बरोबर आले की पास. ३०० सगळ्या देशाचे प्रश्न आणि प्रत्येक राज्याचे १०, सगळे आधीच जाहीर केलेले, फुकट बघता येतात. आम्ही बापलेकींनी महिनाभर जेवल्यावर रोज दहा-दहा सोडवले. राज्यघटना, मतदान, हिटलरच्या काळात काय झालं, धर्मस्वातंत्र्य, बाईचा पुरुषाएवढा हक्क, पोराला मारणं गुन्हा आहे काय, असं सगळं. सणाबद्दल पण एखादा आहे, ईस्टरला अंडी रंगवतात वगैरे. घरात आईची भाषा बोलू नका असं त्यात कुठं नाही. त्यांच्या घटनेचं कलम ३ तर सरळ सांगतंय की भाषा, मायदेश किंवा मूळ यावरनं कुणाचं नुकसान करता येणार नाही. आमची एक संस्कृती मुख्य आणि बाकीच्यांनी तिच्याप्रमाणं चालावं असा वाद तिथं आहे, लाइटकुल्टुअर म्हणतात, २००० साली फ्रीडरिश मेर्त्स यांनी तो शब्द राजकारणात जोरात आणला, आता तेच चान्सलर आहेत, त्यामुळं वारं कुठल्या बाजूला आहे ते पोरांना सांगितलंच पाहिजे. पण वाद म्हणून सांगा, कायदा म्हणून नको. सगळा पश्चिम एका माळेचा मणी पण नाही. फ्रान्सनं २००४ ला सरकारी शाळेत ठळक धार्मिक खुणा घालायला बंदी केली, कॅनडानं १९७१ ला बहुसंस्कृती हेच सरकारी धोरण केलं, तिथं १९९० पासून घोडेस्वार पोलिसात शीख पगडी घालून ड्युटी करतात. मला कॅनडाचं जास्त पटतं. आणि त्यांनी सुद्धा ते इंग्रजी-फ्रेंच या दोन भाषांच्या चौकटीत केलंय, भाषा शिकणं तिथं पण सुटत नाही.

ह्याच्यापुढचं सरांना माहीत नसावं, मला पण नव्हतं, आणि बेळगावच्या माणसानं ते नक्की वाचावं. जर्मनीच्या उत्तरेला डेन्मार्कच्या सीमेला लागून साधारण ५० हजार डॅनिश लोक राहतात. ते कुठून आलेले नाहीत. १९२० ला मतदान घेऊन सीमा आखली आणि ते सीमेच्या अलीकडं राहिले, तसे काही जर्मन पलीकडं राहिले. १९५५ ला बॉन (तेव्हाची पश्चिम जर्मनीची राजधानी) आणि कोपनहेगन दोन्हीकडनं एकाच वेळी जाहीर झालं की मी डॅनिश आहे किंवा मी जर्मन आहे असं कुणी म्हटलं तर सरकार त्यावर शंका घेणार नाही आणि तपासणार पण नाही. त्यांच्या डॅनिश शाळा आहेत, संसदेत जायला बाकीच्या पक्षांना असते ती पाच टक्के मतांची अट त्यांच्या पक्षाला लागू नाही, २०२१ ला त्यांचा माणूस बर्लिनच्या संसदेत निवडून गेला. पूर्वेला बाउत्झेनकडं सॉर्ब लोक आहेत, त्यांची भाषा पोलिश-चेकच्या कुळातली, तिथं गावाच्या पाटीवर जर्मनमध्ये बाउत्झेन आणि सॉर्बमध्ये बुदिशिन अशी दोन्ही नावं.

मी हे वाचून बराच वेळ गप्प बसलो. माझी आज्जी मुंबई प्रांतात जन्मली, त्याच गल्लीत त्याच घरात राहिली, १ नोव्हेंबर १९५६ ला ती म्हैसूर राज्यात गेली, १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक झालं. घर एक इंच हललं नाही. आम्ही स्थलांतरित नाही. २०२४ पासून पाटीवर ६० टक्के कन्नड आणि ते पण वर, असा नियम आहे, मी तो पाळतो. तीन फूट उंचीच्या बोर्डात साडेएकवीस इंच कन्नडला गेले की राहिलेल्या चौदा-साडेचौदा इंचात मराठी आणि इंग्रजी बसवायचं, आणि शहापूरचे एक म्हातारे काका माझ्यापुढं पट्टी घेऊन बसले होते की मराठी अक्षर अर्धा इंच तरी वाढवता येतंय काय बघ बाळा, वडलांचं नाव आहे. मी इंग्रजी बारीक केलं आणि वाढवून दिलं. कन्नड माणसाला बेंगळुरात आपली भाषा मागं पडायलीय असं वाटतं ते पण मला कळतं, आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळा चालल्या पाहिजेत असं मी मराठी असून म्हणतो, मोजायची पट्टी दोन्हीकडं एकच पाहिजे. जो स्वतःहून दुसऱ्या देशात जातो आणि ज्याच्या डोक्यावरनं सीमा जाते, ह्या दोघांना एकच उपदेश लागू नाही. माझ्या पोरीला दोन्ही लागू आहेत, इथं ती आज्जीची पणती आहे आणि तिथं नवीन आलेली, म्हणून तिला हा फरक नीट समजायला पाहिजे होता. आणि सेशनमध्ये त्याच्यावर एक मिनिट पण खर्च झालं नाही.

मी सरांना एवढंच विचारलं होतं की सर, घरात मराठी बोललं तर तिकडं काय अडतं? ते म्हणाले बाहेर टिकायचं असेल तर हळवं होऊन चालत नाही. त्यावर उत्तर माझ्या पोरीनं दिलं, मला सुचलं नसतं. म्हणाली सर, वॉर्डात रात्री दुखायला लागलं की खानापूरचा पेशंट मराठीत ओरडतो आणि बैलहोंगलचा कन्नडमध्ये, दोघांनाही दिवसा हिंदी येत असते. तिकडं आता त्या पाहुणे कामगारांची पिढीच म्हातारी होऊन वृद्धाश्रमात आलीय, स्मृतिभ्रंश झाला की नंतर शिकलेली भाषा आधी जाते असं बऱ्याचदा दिसतं, चाळीस वर्षं जर्मन बोललेला माणूस परत तुर्कीवर येतो, आणि आता तिथले हॉस्पिटलवाले त्यांची भाषा समजणाऱ्या नर्स शोधतात. मी आईची भाषा विसरून गेले तर अशा पेशंटचं मला काय कळणार? मॅडम मागच्या बाकावर बसलेल्या, त्यांनी मान हलवली. सर पुढच्या स्लाइडवर गेले.

दोन स्टार पहिल्या तासासाठी. बाकीच्यांसाठी कामाच्या गोष्टी सांगतो. सेशन कंपल्सरी नाही, ऑफिसात कंपल्सरी असल्यासारखं सांगतात पण मी विचारल्यावर नाही म्हणाले, तेव्हा २ हजार भरायच्या आधी विचारा. त्यांच्या भिंतीवरच्या पोस्टरवर तीन वर्षांत नागरिकत्व लिहिलंय ते जुनं आहे, ती सवलत ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली, आता पाच वर्षं. आणि दुहेरी नागरिकत्व लिहिलंय तिथं पण सावध राहा, जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दोन पासपोर्टला परवानगी दिलीय पण आपला भारत देत नाही, जर्मन पासपोर्ट घेतला की आपला सोडावा लागतो आणि मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) काढायचं, त्यावर मतदान करता येत नाही. हे पोस्टर बदला म्हणून मी दोनदा सांगितलंय, नवीन फुकट करून देतो पण म्हटलंय.

नवीन ए वन बॅच दर दोन महिन्यांनी निघते, सकाळची सातची घ्या, त्या बॅचला मॅडम स्वतः असतात, संध्याकाळी दुसरं कुणीतरी शिकवतं. गाडी लावायला जागा नाही, पोराला सायकलनं पाठवा.